सावलीपुरता उजेड

एफ 10 आणि सेकंदाचा एकशेविसावा भाग. कोडॅकच्या एम 35 या प्लॅस्टिकच्या कॅमेऱ्याला एवढंच येतं. छिद्र लहान-मोठं होत नाही, पडद्याचा वेग बदलत नाही, भिंग पुढे-मागे सरकत नाही. एक मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत जे काही समोर असेल ते त्याच्या लेखी सारखंच. भिंगसुद्धा प्लॅस्टिकचं. पोटात एक बारका पेन्सिल सेल घातला तर फ्लॅश पेटतो, नाही घातला तरी कॅमेऱ्याचं काही अडत नाही. रोल घालायचा, अंगठ्याने चाक फिरवायचं, बटण दाबायचं.

भाच्याने मुंबईहून आणलेला हा कॅमेरा चैत्रात माझ्या हाती आला. त्याच्याबरोबर 200 वेगाचा एक रंगीत रोलही होता. जळगावच्या आमच्या घरी कॅमेरा कधीच नव्हता. फोटो काढायचा म्हणजे चांगले कपडे घालून स्टुडिओत जायचं, नाहीतर कुणाच्या लग्नात फोटोवाल्यासमोर दाटीवाटीने उभं राहायचं. पुढे फोन आला आणि फोटो काढणं दिवसभराच्या कामांत मिसळून गेलं. त्यामुळे रोल भरायची वेळ माझ्यावर प्रथमच येत होती, आणि ती मी जेवणाच्या टेबलावर, खिडक्या लावून, अगदी सावकाश साजरी केली. मागचं झाकण उघडलं. डबीतून बाहेर आलेलं फिल्मचं टोक तपकिरी, गुळगुळीत, कडेला चौकोनी भोकांच्या दोन रांगा. ते टोक उजवीकडच्या गुंडाळीच्या फटीत सरकवायचं, आणि चाकाचा दात भोकात नीट बसला की नाही ते बोटाने चाचपायचं. झाकण मिटलं. चाक फिरवलं तसं डावीकडची छोटी मूठही आपोआप फिरू लागली. ती फिरते आहे म्हणजे आत फिल्म सरकते आहे, असं भाच्याने बजावून सांगितलं होतं. "मावशी, ती मूठ बघत जा. तेवढीच एक खूण आहे." कर्र असा आवाज, मग एक थांबा. अंधारात काय चाललंय ते सांगणारी तेवढीच खूण, आणि मला ती फार आवडली.

मग मी उजेडाचं गणित मांडलं. फोटोवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे. लख्ख उन्हात छिद्र एफ 16 ठेवावं आणि फिल्मचा वेग जेवढा, सेकंदाचा तितकावा भाग पडदा उघडावा. म्हणजे 200 च्या रोलला एफ 16 आणि सेकंदाचा दोनशेवा भाग. आता एम 35 चं छिद्र त्याहून मोठं आणि पडदा त्याहून जास्त वेळ उघडा. दोन्ही धरून हिशेब केला तर भर उन्हात या कॅमेऱ्यात हवा त्याच्या चौपटीहून जास्त उजेड शिरतो. निगेटिव्ह फिल्म मोठ्या मनाची. जास्तीचा उजेड ती बराच पोटात घालते, कमी उजेड मात्र तिला सोसत नाही. तेव्हा भर उन्हातही फोटो येणार होता. पण या कॅमेऱ्याला मानवणारा उजेड म्हणजे उन्हाचा पाव हिस्सा.

हे कळलं आणि माझी पावलंच बदलली. जळगावला उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, कधी त्याच्याही पुढे जातो. सकाळी दहानंतर रस्ते ओस पडतात, दुकानांवर कापडी पडदे येतात, बायका डोक्यापासून चेहऱ्यापर्यंत रुमाल गुंडाळून एवढे डोळे उघडे ठेवतात. या उन्हाला आम्ही जन्मभर तोंड चुकवत आलो आहोत. त्याच्याबद्दल बोलतो ते तक्रार म्हणूनच. आता मी त्याच उन्हाचा पाव हिस्सा शोधत निघाले होते, आणि माझ्या ध्यानात आलं की खानदेशातलं सगळं माणूसपण उन्हाळ्यात या पाव हिश्श्यातच राहायला आलेलं असतं. ओसरीची कड, गोठ्याचं छप्पर, लग्नाचा मांडव, रिक्षाचं टप, पाणपोईवरचं ओलं गोणपाट. जिथे कॅमेऱ्याला बरं वाटेल तिथेच माणसं बसलेली.

पहिल्या दिवशी फुले मार्केटात गेले. दुपारी बाराला तिथे वर ताडपत्र्या, जुन्या साड्या, पोती, जे मिळेल ते ताणलेलं असतं. कुठे निळी ताडपत्री, कुठे पिवळी, मध्ये फाटकी जागा, तिथून उन्हाची एक तिरपी पट्टी खाली कैऱ्यांच्या ढिगावर. फोनचा कॅमेरा हे सगळं झटकन सारखं करून दाखवतो. ताडपत्रीचा निळा रंग तो माणसाच्या चेहऱ्यावरून पुसून टाकतो. फिल्मला असली सफाई येत नाही. रोल धुऊन आला तेव्हा पाहिलं, निळ्या ताडपत्रीखालची लिंबं हिरवट आली होती आणि विकणाऱ्या बाईंच्या पांढऱ्या केसांवर निळी छटा होती. पिवळ्या ताडपत्रीखालचा माणूस मात्र हळद लागल्यासारखा दिसत होता. उजेड जसा त्यांच्या अंगावर पडतो तसाच तो होता. त्या बाई रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या निळ्यात बसतात. वर्षानुवर्षं त्यांच्याकडून लिंबं घेऊनही ते निळं मला कधी दिसलं नव्हतं, हे मला त्या फोटोने दाखवलं.

केळीच्या बागेतलं वेगळं. तापीच्या काठाला मैत्रिणीच्या सासरची बाग आहे. जळगावच्या केळीचं नाव सगळीकडे आहे, 2016 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण बागेच्या आत भर दुपारी कसं असतं ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं. बांधावरून दोन पावलं आत टाकली की पायाखालची जमीन थंड. ठिबकच्या नळ्या, कुजत आलेल्या पानांचा ओलसर वास, डोक्यावर पानांचं छत, आणि त्या पानांतून गाळून आलेला हिरवा उजेड. मैत्रिणीचे सासरे, अण्णा, घडाखाली उभे राहिले. तिथे पाव हिस्सा कसला, उन्हाचा सोळावा हिस्सासुद्धा पोचत नव्हता. फ्लॅश लावायची माझी इच्छा नव्हती. बटण दाबलं. त्या फोटोत अण्णांचा चेहरा जवळजवळ काळोखात बुडाला आहे, हिरव्यात दाणे दाणे उठले आहेत, आणि टोपी तेवढी दिसते. तरी मी तो फोटो जपून ठेवला आहे. बागेत शिरल्यावर पहिला क्षणभर डोळ्यांना जे होतं, तेच त्यात आहे.

या सगळ्या दिवसांत मला राहून राहून चाळीसगाव आठवत होतं. जळगाव जिल्ह्यातलं हे मोठं जंक्शन. धुळ्याचा फाटा तिथूनच फुटतो. स्टेशनापासून जवळच केकी मूस यांचं घर आहे. 'रेम्ब्रां रिट्रीट' हे नाव त्यांनीच त्या घराला दिलेलं. 1912 साली मुंबईत जन्मलेले हे पारशी चित्रकार-छायाचित्रकार परदेशात कला शिकून आले, चाळीसगावच्या या घरात राहिले, आणि पुढची सुमारे पन्नास वर्षं उंबऱ्याबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. 31 डिसेंबर 1989 ला ते गेले. आज त्या घरात त्यांचं संग्रहालय आहे. त्यांच्याबद्दल कुणीही बोलू लागलं की आधी ती गोष्ट निघते. मुंबईत राहिलेली प्रेयसी, पंजाब मेलने येईन असं तिचं वचन, रोज गाडीच्या वेळी उघडलं जाणारं दार. ती गोष्ट खानदेशात घरोघरी सांगतात, आणि सांगणाऱ्याचा आवाज त्या जागी हमखास खाली येतो. मला त्यांच्या टेबलाचं मोल जास्त वाटतं.

मूस यांची ख्याती टेबलटॉप छायाचित्रणाची. खोलीतल्या टेबलावर छोटा देखावा उभारायचा, त्यावर उजेड योजायचा आणि असा फोटो काढायचा की बघणाऱ्याला दूरदेशीचं खरंखुरं दृश्य वाटावं. त्यांना देशोदेशींची शेकडो पारितोषिकं मिळाली, आणि त्यांच्या निसर्गचित्रांतला कितीतरी निसर्ग त्या चार भिंतींच्या आतला होता. मी त्या घरात गेले होते तेव्हा ते फोटो पाहून थक्क झाले, पण कॅमेरा हाती धरलेला नव्हता म्हणून मुख्य गोष्ट निसटली होती. ती आता कळली. बाहेर चाळीसगावचं ऊन रणरणत असताना त्या माणसाने दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि हवा तेवढाच उजेड आत घेतला, हव्या त्या बाजूने, हव्या त्या कोनातून. रेम्ब्रांचं नाव घराला देणाऱ्याला दुसरं काय करायचं असणार? त्या डच चित्रकाराची सगळी करामत एका खिडकीपुरत्या उजेडाची आहे. खानदेशासारख्या उजेडाने ओथंबलेल्या मुलखात उजेड कमी करणं हेच कलावंताचं काम होऊन बसतं, आणि मूस यांनी ते आयुष्यभर केलं. एकाकीपणाच्या कहाणीत त्यांचं हे काम झाकून जातं याचं मला वाईट वाटतं.

याच मुलखाच्या सीमेवर त्यांच्या शंभर वर्षं आधी नेमकी उलटी खटपट चालली होती. मद्रास सैन्यातला रॉबर्ट गिल 1844 मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला आला आणि इथलाच होऊन गेला. त्याने रंगवलेल्या नकला बहुतेक सगळ्या 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. मधल्या काळात त्याने कॅमेरा धरला होता. त्याच्या चौऱ्याहत्तर छायाचित्रांसह फर्ग्युसनचं लेण्यांवरचं पुस्तक 1864 मध्ये निघालं. गिलची कबर भुसावळला आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत बाहेरचं ऊन पांढऱ्या कापडावर किंवा चकचकीत पत्र्यावर झेलून आत वळवण्याची एक जुनी युक्ती आहे. कधी वाटाड्याने ती करून दाखवली तर बघावी. भिंतीवरचा एखादा चेहरा अंधारातून उगवून समोर येतो. अजिंठ्याला ऊन आत न्यायचं, चाळीसगावला ते बाहेर ठेवायचं. आमच्याकडच्या छायाचित्रणाचा सगळा इतिहास मला या दोन टोकांमध्ये दिसू लागला.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी धुळ्याला निघाले. एरंडोल, पारोळा, मग धुळं. माझं आजोळ धुळ्यापासून जवळच्या खेड्यात. पण आधी शहरात एका बापूंना भेटायचं होतं. वडिलांचे ते जुने स्नेही, आयुष्यभर स्टुडिओ चालवलेले. धुळ्याचे रस्ते कॅप्टन ब्रिग्जने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फूटपट्टी धरून आखलेले. गल्ल्यांना नावांऐवजी नंबर. सरळ गल्लीत सावलीही सरळ पडते. एका अंगाला उन्हाची भिंत, दुसऱ्या अंगाला सावलीची, मध्ये रेघ ओढल्यासारखी सीमा. सगळी रहदारी सावलीच्या अंगाने. त्या रेघेवर उभी राहून मी एक फोटो काढला आणि बापूंच्या घरी पोचले.

बापूंनी कॅमेरा हातात घेतला, उलटा केला, कानाशी नेऊन चाक फिरवल्यासारखं केलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "क्लिक थ्रीचा नातू आहे हा बेटा," ते म्हणाले. आगफाचा क्लिक थ्री बडोद्याला बनायचा. एका रोलमध्ये बारा फोटो, चौकोनी. त्यातही फार काही ठरवायचं नसायचं; ढगाळ की ऊन, एवढंच. गावातल्या मास्तरांकडे, पोस्टमास्तरांकडे, हौशी डॉक्टरांकडे तोच असायचा, आणि रोल धुवायला बापूंकडे यायचे. ऐंशीच्या दशकात हॉट शॉट आला, त्याच्या जाहिरातीतलं 'खटॅक' पोरंटोरं दिवसभर म्हणायची. कृष्णधवल रोल बापू 'इंदू'चा वापरायचे. उटीला केंद्र सरकारचा कारखाना होता, हिंदुस्तान फोटो फिल्म्स, 1960 मध्ये स्थापन झालेला. तो बंद पडल्याचं सांगताना बापू थोडा वेळ थांबले.

मग त्यांनी मे महिन्यातल्या डार्करूमबद्दल सांगायला सुरुवात केली, आणि मी पाणीसुद्धा प्यायचं विसरले. कृष्णधवल फिल्म धुवायचं औषध 20 अंशांवर असावं असं डब्यावर छापलेलं. धुळ्यात मे महिन्यात 20 अंश कुठून आणायचे? दिवसा नळाचं पाणी हाताला चटका देणारं. औषध गरम झालं की फिल्म भराभर काळी पडते, वेळेचा अंदाज राहत नाही. पाणी फारच तापलं तर फिल्मवरचं जिलेटिन ढिलं पडतं, फुगतं, कडेने सुटू लागतं. एखाद्याच्या लग्नाचा अख्खा रोल असा ट्रेमध्ये सुटून जायचा धोका. म्हणून बापू दिवसा फक्त फोटो काढायचे आणि रोल मध्यरात्रीनंतर धुवायचे. औषध कालवायला पाणी माठातलं. बर्फ आणायचा, पण तो औषधात टाकायचा नाही, औषध पातळ होतं. मोठ्या परातीत बर्फ, त्या परातीत ट्रे. शेजारी थर्मामीटर. मिट्ट काळोखात, बर्फ विरघळायच्या आत काम आटपायचं. "तुझ्या काकू वाटी घेऊन यायच्या," बापू म्हणाले, "उरलेला बर्फ सरबताला." काकू आतून म्हणाल्या, "उरायचा कुठे?"

रंगीत फिल्मची तऱ्हा निराळी. तिचं मुख्य औषध जवळजवळ 38 अंशांवर असावं लागतं आणि सव्वातीन मिनिटांत काम उरकावं लागतं. थंड देशात त्यासाठी पाणी तापवतात. "आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरची टाकी आहेच की," बापू म्हणाले. मग त्यांनी मला एक कामाची गोष्ट सांगितली. वापरलेला रोल कधी गाडीत ठेवायचा नाही, पत्र्याच्या कपाटात ठेवायचा नाही. स्टीलच्या डब्यात घालून डबा माठाशेजारी, ओल्या फडक्यात. उष्णतेने फिल्म उजेड न पडताच काजळते. मी तो डबा त्यांच्याकडूनच मागून घेतला.

आखाजी म्हणजे खानदेशातली लेकींची दिवाळी. बाकीच्या महाराष्ट्रात अक्षय्य तृतीया सोनं घ्यायचा मुहूर्त म्हणून ठाऊक; आमच्याकडे त्या दिवशी सासुरवाशिणी माहेरी येतात, पितरांच्या नावाने घागर भरली जाते, खापरावर मांडे होतात, आमरस होतो, आणि निंबाच्या झाडांना झोके बांधले जातात. चैत्रात निंबाला नवी पालवी येते. आखाजीपर्यंत ती पुरती हिरवी होते, पण तिची सावली आंब्यासारखी गर्द पडत नाही. पानं बारीक, फांद्या मोकळ्या. ऊन त्यातून झिरपत राहतं, जमिनीवर ठिपके हलत राहतात, आणि भोवतालच्या पांढऱ्या मातीवरून उजेड उसळून पुन्हा खालून चेहऱ्यांवर येतो. एम 35 ला हवा असलेला पाव हिस्सा हाच. ज्याने कुणी हा कॅमेरा बनवला त्याने निंबाचं झाड पाहिलं असेल-नसेल, पण आखाजीच्या दुपारी मामांच्या वाड्यापुढच्या झाडाखाली उभं राहिल्यावर मला वाटलं, हा कॅमेरा नेमका इथेच यायचा होता.

अडचण होती ती झोक्याची. जाड दोर, खाली लाकडी पाटली, तिच्यावर दोघी समोरासमोर उभ्या. एक खाली बसते तेव्हा दुसरी उठते, आणि अशा आळीपाळीने दोघी झोका चढवत नेतात. गाणी चाललेली. सेकंदाचा एकशेविसावा भाग एवढ्या वेगाला अपुरा. मधोमध खाली येताना झोका इतका जोरात असतो की फोटोत नुसती रंगांची ओढ उमटेल. मी झाडाच्या बुंध्याला टेकून नुसती बघत राहिले. बघता बघता एक गोष्ट लक्षात आली, जी लहानपणी अंगाने ठाऊक होती आणि डोळ्याने कधी पाहिली नव्हती. झोका टोकाला जातो तिथे थांबतो. वर जाणं संपलेलं, खाली येणं सुरू झालेलं नाही. दोर क्षणभर सैल वाटतो. झोक्यावरच्या बाईचा श्वासही तिथे थांबतो, गाण्याची ओळही बहुधा तिथेच वळण घेते. पदर मात्र थांबत नाही, तो मागच्या वेगाने आणखी थोडा वर उडत राहतो. तो क्षण पकडायचा तर बटण थोडं आधी दाबायला हवं, आणि तो अंदाज डोळ्यांपेक्षा गाण्याने चांगला येतो. मी गाण्याकडे कान ठेवून बटण दाबू लागले.

मामेबहिणी झाल्या, वहिन्या झाल्या. मग मोठ्या मामी उठल्या. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे धरलेले. कुणी नको म्हणायच्या आत त्या पाटलीवर बसल्या. उभं राहणं जमणार नव्हतं, पण दोर दोन्ही हातांनी असा पकडला की कुणाची अडवायची हिंमत झाली नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मना बी एक काढ वं माय." पोरींनी मागून झोका दिला. मामी पहिल्या दोन झोक्यांत सावध होत्या. तिसऱ्याला त्यांनी पाय पुढे फेकले आणि गाणं स्वतःच्या आवाजात घेतलं. पोरी गप्प झाल्या. ते गाणं त्यांच्यापैकी कुणालाच पुरतं येत नव्हतं. मी दोनदा बटण दाबलं.

मामांचा नातू माझ्या कमरेला खेटून उभा होता. कॅमेऱ्याची मागची बाजू त्याने उलटून पाहिली. तिथे नुसतं काळं प्लॅस्टिक.

"आते नही दिसस का?"

"नही रे."

"मंग कव्हय दिसी?"

"रोल धुईसन ऊना का."

त्याला हे पटलं नाही. संध्याकाळपर्यंत तो रोल आला का म्हणून विचारत होता. धुळ्यात आता रोल धुणारं मला कुणी भेटलं नाही. कुरियरने मुंबईला पाठवावा लागला. तोवर बापूंचा डबा आमच्या माठाशेजारी ओल्या फडक्यात होता, आणि येता-जाता घरातलं कुणी ना कुणी त्या फडक्यावर पाण्याचा हात फिरवून जात होतं. फोनमधल्या फोटोंसाठी घरातल्या माणसांनी असं काही केल्याचं मला आठवत नाही.

फोटो आले. मामींचा दुसरा फोटो टोकावरचा आहे. त्या झोक्यावर मागे रेलल्या आहेत, पाय सरळ पुढे, टाचांना भेगा, त्या भेगांसकट टाचा स्वच्छ आल्या आहेत. तोंड उघडं, गाण्यातल्या कुठल्यातरी अक्षरावर. चेहऱ्यावर निंबाच्या पानांचे ठिपके, एक नेमका डाव्या डोळ्यावर, म्हणून तो डोळा किलकिला. पदर फोटोच्या कडेबाहेर गेला आहे. प्लॅस्टिकच्या भिंगाने कोपरे अंधारे आणि मऊ केले आहेत. झाडाच्या फांद्या कडेला जाता जाता विरघळतात आणि मधोमध मामी राहतात. झाडापलीकडचं अंगण भर उन्हातलं. तिथे चौपट उजेड शिरला असणार, तरी फिल्मने तो सांभाळला आहे. पांढरं झालेलं नाही, ताकासारखं फिकट झालं आहे, आणि त्यात खापराशी बसलेल्या वहिनींची पाठ ओळखू येते.

मामींना प्रिंट दिली तेव्हा त्या स्वतःकडे फार वेळ बघत बसल्या नाहीत. त्यांचं बोट वहिनींच्या पाठीवर गेलं. तिने त्या दिवशी सकाळपासून मांडे केले आणि झोक्यावर तिला कुणीच बसवलं नाही, हे त्यांना फोटोत दिसलं होतं. तिला हाक मारून त्यांनी प्रिंट तिच्या हातात दिली. पुढच्या आखाजीला खापराशी दुसरं कुणीतरी बसेल, हे त्या घरात त्याच वेळी ठरलं.

निगेटिव्ह मी बापूंकडे नेल्या. त्यांनी पट्टी खिडकीसमोर धरली, चष्मा कपाळावर चढवला आणि एकेक चौकट डोळ्याजवळून सरकवली. केळीच्या बागेपाशी थांबले. "इथे पातळ झाली. उजेड मिळाला नाही." मार्केटच्या पट्टीवर काही बोलले नाहीत. झोक्यावर आले आणि म्हणाले, "हा मेळ बसलाय. निंब, आखाजी आणि हा डबा." मग लगेच पुढचं बोलू लागले. हिवाळ्यात ऊन तिरपं होतं, लवकर मऊ पडतं. तेव्हा 400 चा रोल घालावा, 200 चा पुरायचा नाही.

मला हिवाळ्यात भरिताचा फोटो हवा आहे. शेतात पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजतात, ती काळवंडलेली सालं, आणि बडगीत ठेचणारे हात. पण भरिताच्या पार्ट्या अंधार पडल्यावर रंगतात. बापूंचं म्हणणं, जाळाच्या उजेडाने या कॅमेऱ्याचं भागणार नाही आणि फ्लॅश मारला तर जाळ फिका पडेल. मी भाच्याला 400 च्या रोलचं सांगून ठेवलं आहे, आणि या वर्षी वांगी चार वाजताच भाजायला घ्या म्हणून मैत्रिणीच्या सासऱ्यांनाही आत्तापासूनच कबूल करून घेतलं आहे.